रेवाचा अंगठा आणि सगळ्यांचे उपाय

एका पोरीचा अंगठा तोंडात गेला की किती किस्से बाहेर पडतात, ते आमच्या चामराजपेटच्या बिल्डिंगमध्ये येऊन बघावं. आमची रेवा साडेपाच वर्षांची. तुम्ही हसाल, पण माझा जीव टांगणीला लागलाय. तिचे वरचे दोन दात छपरासारखे पुढे यायला लागलेत. पक्के दात आता कधीही येतील. तेही असेच आले तर?

*

पहिला उपाय खालच्या मजल्यावरच्या कानडी अक्कांचा. "कडुलिंब वाटून स्वल्प, थोडासाच लाव. एका दिवसात सुटतंय बघ!"

लावला. दहा मिनिटांनी बघते तर पोरगी स्वयंपाकघरात, अंगठा गुळाच्या डब्यात!

"रेवा, हे काय?"

"पाडव्याला तूच देतेस की! कडुलिंब नि गूळ!"

त्या दिवशी अंगठा रोजच्यापेक्षा जास्त वेळ तोंडात होता.

*

निपाणीला सासूबाईंना फोन लावला. त्या बिनधास्त. "चोखू दे की गं! तुझा नवरा चौथीपर्यंत चोखत होता. काय झालं त्याला?"

संध्याकाळी हे बोम्मसंद्र्याच्या कंपनीतून आले. चहा पिताना मी यांच्या तोंडाकडे टक लावून बसले.

"काय बघतेस?"

"दात."

पुढचे तीन दिवस हे तोंड मिटूनच हसत होते!

*

मग मी जुन्या ब्लाउजपीसची पिशवी शिवली. अंगठ्यावर घालायची, मनगटाला नाडी. तशीच शाळेत पाठवली. दुपारी टीचरचा फोन! पडली की काय?

"मॅडम, ती हातातली पिशवी..."

"काढून टाकली का हो तिनं?"

"नाही. आता वर्गातल्या सगळ्यांना तशीच पाहिजे!"

*

शेवटी दातांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी तिचे दोन्ही हात उलटेसुलटे केले आणि उजवा अंगठा धरला. "हाच ना?"

"कसं ओळखलंत?"

"नऊ बोटं मातीची, एकच धुतलेलं!"

मग गंभीर झाल्या. "ओरडू नका, मारू नका. नाही चोखला त्या दिवशी कौतुक करा." म्हणून मी कॅलेंडरवर टिकल्या लावायला सुरुवात केली. आठवड्यात दोनच लागल्या. तिसरी रेवानं स्वतः लावली. डाव्या हातानं. उजवा हात तोंडात होता!

*

गेल्या आठवड्यात परत गेलो. खालचा एक दात हलायला लागलाय. डॉक्टरबाईंनी तिला दातावर दात ठेवायला सांगितलं, बराच वेळ बघत राहिल्या. "पुढचे वरचे आणि खालचे टेकतच नाहीयेत हो. आणखी थोडे महिने बघू. नाही सुटलं तर तोंडात तार बसवावी लागेल."

तार! एवढंसं तोंड ते. स्टुलावर बसून ओढणीनं डोळे पुसत राहिले. "अहो, अजून वेळ आहे," डॉक्टरबाई म्हणत होत्या. माझं रडू थांबेना.

रेवा त्या मोठ्या खुर्चीवरून घसरत खाली उतरली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग अंगठा तोंडातून काढला, फ्रॉकला नीट पुसला, आणि माझ्या ओठांपाशी धरला.

"घे आई. स्वल्पच हं."