शंभर पावलांचा नियम

साळवी भाऊसाहेब फॉर्म वाचायच्या आधी त्याचा वास घ्यायचे. खोटं नाही सांगत. महाडच्या आमच्या कॉलेजात फी माफीचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज त्यांच्या टेबलावर जात. खिडकीतून फॉर्म आत सरकवला की ते तो नाकाशी धरत, डोळे मिटत आणि म्हणत, "दासगाव. सुकटीच्या डब्याशेजारी ठेवला होतास." पोरगं ओशाळं होऊन हो म्हणे. माझा फॉर्म हातात घेतला तेव्हा म्हणाले, "चुलीचा धूर. पोलादपूरच्या वरचं अंग. उमरठ?" मी म्हटलं, "त्याच्याही पलीकडची वाडी." एवढ्यावर त्यांनी फॉर्म न उघडताच परत केला.

पहिल्यांदा आणलेला फॉर्म ते घेतच नसत. प्राचार्यांच्या पुतण्याचाही घेतला नव्हता. "घाई करायची तर एस.टी. पकडताना करावी, अर्ज भरताना नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रद्दीतल्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर ते आधी सगळा अर्ज कच्चा लिहून घेत. एखादा रकाना रिकामा दिसला की चष्मा कपाळावर चढवून विचारत, "हे दार उघडं का टाकलंस? कुत्रं शिरेल." काही लागू नसेल तिथे 'निरंक' लिहायचं. आमच्या वर्गातल्या एका मुलाला तर निरंक लिहायची इतकी सवय लागली की त्याने आईच्या नावापुढेही निरंक लिहिलं, आणि भाऊसाहेबांनी ते अख्ख्या व्हरांड्याला वाचून दाखवलं.

माणूस दिसायला अगदीच किरकोळ. पांढरा बुशशर्ट, कानावर शिसपेन्सिल, पायात रबरी चपला. पण शिक्का मारताना असा आव आणत की जणू किल्ला सर करून आले. शिक्क्याचं पॅड स्वतःच्या पिशवीतून घरी नेत, कारण ऑफिसात ते 'सर्दी धरतं' म्हणे. आम्ही मुली मागे हसायचो. त्यांना ते कळायचं, आणि मग दुसऱ्या दिवशी आमचेच फॉर्म परत यायचे. ते स्वतः मॅट्रिकच्या पुढे शिकले नव्हते. का, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "आमच्या वेळी फॉर्म परत करणारं कोणी भेटलं नाही. एकदम नामंजूरच झाला." आणि लगेच दुसऱ्या मुलीला ओरडले, "ए, शाई सांडशील!"

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. महाडला मावशीकडे राहायचे. आई वाडीवर नाचणी-वरी पिकवायची आणि बाबा मुंबईला गिरणीत होते. पूर्ण फी भरणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. आईने सरळ सांगून ठेवलं होतं, "माफी झाली तर शीक गो बाय, नाय झाली तर दिवाळीला घरी ये. तुझ्या आतेनं डोंबिवलीचं स्थळ काढलंन हाय." स्थळ वाईट नसावं, पण मला बी.ए. व्हायचं होतं. डोंबिवलीच्या त्या मुलाचा फोटोसुद्धा मी बघितला नाही. बघितला आणि आवडला असता तर पंचाईत.

फॉर्मबरोबर वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला लागायचा. त्यासाठी तलाठी वाडीवर येऊन जबाब घ्यायचे. ते आले नेमके गणपतीत, कारण तेव्हाच सगळे मुंबईकर घरी सापडतात. देवळासमोर खुर्ची टाकली, सगळी वाडी भोवती. आता गणपतीतला मुंबईकर म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाला सांगायला नको. टेरिलीनचा शर्ट, खिशाला कंगवा, प्रत्येकाला पेढा आणि तोंडात "एकदम फस्क्लास". बाबांच्या आधी तुकारामकाकांनी आपल्या मुलाचा पगार सांगितला. मुलगा गोदीत होता, आकडा मोठा होता, आणि काकांनी तो दोनदा सांगितला. मग तलाठ्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि त्यांच्या खात्याच्या मुकादमाचा पगार स्वतःचा म्हणून सांगून टाकला. वर म्हणाले, "पर्मनंट हाय ना आपुन!" लोक वा वा म्हणाले. मीसुद्धा फुशारून गेले, शपथ!

गौरी-गणपती बोळवून मी महाडला आले आणि दाखला भाऊसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"तुझे वडील गिरणीचे मालक आहेत का गं?"

"नाही. कामगार."

"मग हे उत्पन्न कोणाचं? या दाखल्यावर माफी मिळायची नाही. उलट तुझ्याकडूनच वर्गणी घ्यावी लागेल."

मला खिडकीशीच रडू फुटलं. अर्जाला आठवडा उरला होता. भाऊसाहेबांना रडणाऱ्या मुलींची फार भीती. त्यांनी घाईघाईने मला आत बोलावून स्टुलावर बसवलं आणि रडणं थांबावं म्हणून काहीबाही विचारू लागले. मनिऑर्डर दर महिन्याला येते का? मी म्हटलं, कधी येते, कधी नाही. गणपतीला बाबा किती दिवस राहतात? मी अभिमानाने सांगितलं, "पंधरा दिवस, वीस दिवस, मनाला येईल तेवढे." तेव्हा त्यांनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. पर्मनंट कामगाराला कोणी इतकी रजा देत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांना होतं, कारण त्यांचे थोरले भाऊ परळला गिरणीतच होते.

"रविवारी मी येतो," ते म्हणाले. "तुझ्या वडिलांना सांग, मुंबईची गाडी धरू नका."

हे ऐकून सगळं ऑफिस खुर्चीत सरळ झालं. भाऊसाहेबांना गाडी लागायची, आणि ती महाडचा बाजार संपायच्या आत लागायची. सासुरवाडी खेडला, म्हणून लग्नानंतर ते दोनदाच सासरी गेले होते अशी त्यांची ख्याती. तरी रविवारी ते लिंबू हुंगत माझ्याबरोबर पोलादपूरच्या एस.टी.त चढले. कंडक्टरने ओळखून खिडकी दिली. पोलादपूरला गाडी बदलून पुढच्या वळणांवर त्यांनी जे काही केलं त्याचं वर्णन मी करणार नाही, मृत माणसाचा मान राखावा. उमरठला उतरले तेव्हा चेहरा त्यांच्या शर्टाएवढाच पांढरा होता. तिथून वाडीपर्यंत चालत, चिखलातून, रबरी चपला हातात घेऊन.

कॉलेजचा सायेब आला म्हणून वाडी लोटली. आईने कोकमाचं सरबत दिलं. बाबा टेरिलीनचा शर्ट घालून तयारच होते. "सायब, आपलं काय इचारता, पर्मनंट काम, साच्याखात्यात..." असं सुरूच केलं त्यांनी. भाऊसाहेबांनी हात वर केला.

"तेच लिहून घ्यायला आलोय. पण आता नवा नियम निघालाय. जबाब देणारा आणि घेणारा, दोघंच. शंभर पावलांच्या आत तिसरा माणूस दिसला तर जबाब रद्द."

सरकारी नियम म्हटल्यावर आमची माणसं फार आज्ञाधारक. तुकारामकाकांनी स्वतः लांब ढांगा टाकत शंभर पावलं मोजली, तिथे काठी रोवली आणि सगळ्यांना काठीपलीकडे हटवलं. "मागं व्हा रे! जबाब रद्द व्हईल!" ते दोघं खाली बांधावर आंब्याच्या मुळीवर जाऊन बसले.

बराच वेळ झाला. आईला राहवेना. तिने दोन कप चहा माझ्या हातात दिला. मी नियमाची आठवण केली, तर म्हणाली, "चाय काय तिसरा माणूस नाय. मागनं जा, नाचणीतनं." मी नाचणीच्या शेताकडेने खाली उतरले. पाठमोरे बाबा दिसले. त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून एक मळका पास काढून भाऊसाहेबांपुढे धरला होता.

"बदली हाय सायब मी. बारा वर्सं झाली. सकाळी गेटावर उभा र्‍हातो. नाव पुकारलं तर काम, नाय तर खोलीवर परत. महिन्यात दहा-बारा दिस भरले तर लय झालं. हितं कुनाला ठावं नाय. गावाला सांगू नका. आनि पोरीला तर नकोच."

भाऊसाहेब खाली मान घालून लिहीत राहिले. मी तिथेच उभी. पाय पुढे जाईना आणि मागे जाईना. देवळासमोर कॉलर नीट करणारे माझे बाबा मला आठवले आणि मला त्यांची लाज नाही वाटली, माझीच वाटली. शेवटी मी चार पावलं मागे गेले, जोरात खोकले आणि पुन्हा खाली आले. बाबांनी पास झटकन खिशात घातला. "आली माझी बी.ए.," म्हणाले. भाऊसाहेबांनी कप घेतला. चहावर जाड साय धरली होती. बाबांच्या ते लक्षात आलं नाही, भाऊसाहेबांच्या आलं. त्यांनी साय बोटाने बाजूला केली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि थंड चहा गटागटा पिऊन टाकला.

काठीपलीकडे येऊन ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तलाठ्यांची लिहिताना चूक झाली आहे. आकडा दुरुस्त करून घ्यावा लागेल." झालं, आईने तेव्हापासून त्या तलाठ्याला जी शिव्यांची लाखोली वाहायला घेतली ती पुढे कित्येक वर्षं थांबली नाही. बिचाऱ्याची बदली झाली, तरी थांबली नाही.

परतीच्या गाडीत, दोन वळणांच्या मधे जरा उसंत मिळाली तेव्हा मी विचारलं, "भाऊसाहेब, तो शंभर पावलांचा नियम कुठल्या परिपत्रकात आहे?"

"निघायचंय अजून," ते म्हणाले आणि लगेच खिडकीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा पोलादपूरला गेले, पुन्हा गाडी लागली. बाबांना कचेरीत घेऊन तलाठ्यांकडून नवा दाखला करून आणला. तलाठ्यांना त्यांनी कसं पटवलं ते देव जाणे. मी दाखला जोडून फॉर्म खिडकीतून आत सरकवला. वाटलं, आता तरी शिक्का पडेल. त्यांनी तो फॉर्म परत केला! जन्मतारखेत महिना अक्षरी लिहिला नव्हता. "तुझ्यासाठी मी दोनदा ओकलो, म्हणून महिना आपोआप अक्षरी होत नाही," म्हणाले. मी हसत हसत नवा फॉर्म लिहायला बसले.

माफी मिळाली. दर वर्षी मिळत गेली. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, पोलादपूरच्या हायस्कुलात लागले. डोंबिवलीच्या मुलाचं भलं झालं असेल. पुढे गिरण्यांचा संप झाला आणि बाबा ट्रंक घेऊन कायमचे वाडीवर आले. तेव्हा पंचक्रोशीतले कितीतरी लोक असेच आले. पर्मनंट कोण आणि बदली कोण, हे विचारायची कोणाला शुद्ध नव्हती. बाबांना आपण होऊन कोणाला सांगायचं कारणच पडलं नाही, आणि मीही विषय काढला नाही.

भाऊसाहेब निवृत्त झाले तेव्हा कॉलेजच्या हॉलमध्ये निरोप समारंभ ठेवला होता. बाबा हट्टाने आले, बरोबर तुकारामकाकांनाही आणलं. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. भाऊसाहेब खुर्चीच्या कडेवर बसून हारातली पाकळी पाकळी खुडत होते. आभाराला कोणीतरी उठणार एवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची वाजली. बाबा उठून सरळ माइकपाशी गेले. त्यांचं नाव कार्यक्रमात कुठेच नव्हतं.

"मी गिरनीत बदली कामगार व्हतो," ते म्हणाले. "पर्मनंट कधीच नव्हतो. गावात खोटं बोललो. तलाठ्याची चूक झाली नव्हती, माझी झाली. ह्या मान्साला सगळं ठावं व्हतं. आमच्या वाडीवर येताना ह्याचा जीव जायची पाळी आली व्हती. तरी आला, आनि आज पतुर कुनाला बोलला नाय. माझ्या पोरीला पन नाय. तिला हे आज कळतंय. तिनं मला माफी द्यावी."

तुकारामकाका आपल्या टोपीकडे बघत होते. भाऊसाहेब खुर्चीतून उठले, काय करावं ते न सुचून त्यांनी स्वतःची शाल काढून बाबांच्या खांद्यावर घातली आणि वर रागावलेही, "हे आता कशाला? मुदत टळून गेली की हो!"

मी पुढे गेले. रडू आवरत नव्हतं. बाबांचा हात धरला आणि म्हटलं, "मला खरंच काही माहीत नव्हतं, बाबा."

भाऊसाहेब तिथेच, हातभर अंतरावर उभे होते. सायीचा तो थंड चहा त्यांनीच प्यायला होता. आयुष्यभर एका रिकाम्या रकान्यासाठी पोरांचे फॉर्म परत करणाऱ्या त्या माणसासमोर मी धडधडीत खोटा जबाब दिला. त्यांनी तो परत केला नाही.