बुडापेस्टच्या नदीकाठावर आईने काढलेले बूट

नागपूरकर मंडळी, बुडापेस्टचे फोटो नंतर टाकते. आधी हे ऐका.

आज दुपारी आई आणि मी डॅन्यूब नदीच्या काठाने चाललो होतो. मी संसदेचे फोटो काढत मागे राहिले. पाहते तर काठावर बुटांची लांब रांग, आणि आईने या सहलीसाठी सदर बाजारातून मुद्दाम घेतलेले नवे बूट काढून त्याच रांगेत नीट ठेवलेले. स्वतः हात जोडून उभी.

“आई, बूट काहून काढले?”

“एवढ्या लोकायनं काढले, म्हंजे इथं देवस्थान असन ना वं.”

आमच्या नरखेड गावाकडे चपलांची रांग दिसली की तिथं देऊळच असतं. पण ते बूट लोखंडाचे होते, स्मारक म्हणून बसवलेले. मी तिला सांगितलं, महायुद्धात इथे ज्यू लोकांना काठावर उभं केलं, आधी बूट काढायला लावले आणि मग गोळ्या घातल्या. माणसं नदीत गेली, बूट काठावर राहिले.

आई खाली बसली. एका छोट्याशा बुटात कोणीतरी फूल ठेवलं होतं. त्यावरून हात फिरवत तिने विचारलं, “लेकराचेबी?”

मी होकारार्थी मान हलवली. फरशी गार होती. म्हटलं, “बूट घाल आता, थंडी आहे.”

“थांब जरा. मी माह्या मनानं काढले. याहिले काढाले लावले.”

देवळाबाहेर चपला काढताना त्या चोरीला जातील, एवढीच आपल्याला भीती. आपणच परत आलो नाही तर, हे तुमच्या कधी मनात आलंय का?