नखाएवढा कागद

काळजी करायला ताईला कारण लागत नसे. दारावरची घंटा दोनदा वाजली की तिच्या पोटात गोळा उठे, आणि एकदाच वाजली तर दुसऱ्यांदा का वाजली नाही म्हणून उठे. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता. त्याला तिनेच वाढवलं, आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं.

वडिलांचा धंदा कवळ्या करण्याचा. दाताचे डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवत, त्यावरून दोघं भावंडं तळमजल्यावरच्या एका खोलीत कवळ्या करत. ताई प्लास्टर ओती, साचे पाडी, तयार झालेली कवळी घासून चकचकीत करी. पण मेणात एकेक दात बसवायचं काम धाकट्याचं. कुठला दात जरा तिरका ठेवायचा, कुठला किंचित आत घ्यायचा, हे तो बोटांनी चाचपून ठरवी. त्याची कवळी घातली की माणसाला स्वतःचंच जुनं हसू परत मिळे. दुसऱ्या कुणाची घातली की माणूस नुसता दात विचकल्यासारखा दिसे.

धाकट्याची बायको नीट बोलून, नीट सामान बांधून निघून गेली. भांडण झालं असतं तर बरं, असं ताईला वाटे. भांडणाला निदान आवाज असतो. तो मात्र गप्पगप्प होत गेला. संध्याकाळी गल्लीच्या टोकाला, सायकली दुरुस्त करणाऱ्या मित्राकडे जाऊन बसू लागला. ताई विचारी, "काय बोलता रे एवढं?" तो म्हणे, "काही नाही." त्यावरही ताईची झोप उडे.

एका रविवारी दुपारी ती भाजी चिरत होती. धाकटा ओट्याला टेकून हसत म्हणाला, "सायकलवाल्यानं फसवलं गं मला."

"म्हणजे?"

"कागदाचा एक तुकडा दिला होता. नखाएवढा. जिभेवर ठेव म्हणाला, आठ-दहा तास जग नवंकोरं दिसतं. सकाळी ठेवला. दीड-दोन तास वाट बघितली, काही नाही. मग दुसराही ठेवला. नुसता कडूजहर कागद!"

ताईच्या हातातली सुरी थांबली. "अरे, डोकं फिरलंय का तुझं? काय होतं त्यात?"

"काही नव्हतंच ना! तेच तर सांगतोय."

पण ताट वाढेपर्यंत त्याचं हसू विरलं. तो टेबलावर अंथरलेल्या फुलाफुलांच्या कापडाकडे टक लावून बघू लागला. कापडावरची फुलं श्वास घेताहेत म्हणाला. प्रथम गंमत वाटल्यासारखं म्हणाला, मग घाबरून. डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की ते निव्वळ काळे दिसत होते. दिवेलागणीपर्यंत तो भिंतीला पाठ लावून बसला होता आणि ताईला ओळखतही होता, नव्हताही. "मी परत येईन ना?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता. ताईने सायकलवाल्याला फोन लावला. त्याचाही आवाज धड नव्हता. "सकाळपर्यंत उतरेल," म्हणाला आणि फोन ठेवला.

दवाखान्यात न्यावं तर पोलीस येतील, घरी ठेवावं तर याचं काय होईल. इकडे आड, तिकडे विहीर. ताई त्याचा हात धरून बसून राहिली.

सकाळ झाली. उतरायचं नाव नव्हतं. उलट आता तो पाय दुखतात म्हणून कळवळत होता. ताईने त्याचा उजवा हात हातात घेतला. बोटं प्लास्टरसारखी पांढरी आणि तशीच गार. टोकांना निळसर झाक. तिने ती चोळली, तोंडाची वाफ दिली, कोमट पाण्यात धरली. काही फरक नाही. मग मात्र तिने पोलिसांचा विचार सोडला आणि टॅक्सी बोलावली.

तरी दवाखान्यात तिच्या तोंडून खोटंच निघालं. "काल काहीतरी शिळं खाल्लंय त्यानं."

डॉक्टर पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी धाकट्याचं नख दाबलं, सोडलं. रंग परत येईना. मनगटावर नाडी शोधली, बराच वेळ शोधली.

"शिळ्या अन्नानं बोटं निळी पडत नाहीत," त्या म्हणाल्या. "मी डॉक्टर आहे, फौजदार नाही. खरं सांगा, वेळ घालवू नका."

ताईने सगळं सांगितलं. कागद, दुसरा कागद, कडू चव.

"कडू? मग असे कागद ज्या नशेच्या नावानं विकतात, ती ही नसावी. तिला फारशी चवच नसते. रक्तवाहिन्या सैल करायचं औषध मी लगेच सुरू करते, पण नेमकं काय घेतलंय ते कळलं तर पुढचं सोपं जाईल. एखादा तुकडा उरलाय का?"

सायकलवाल्याचं शटर अर्धं खाली होतं. ताई वाकून आत शिरली. तो कोपऱ्यात, सायकलींच्या चाकांमागे घोंगडी पांघरून बसला होता.

"मी काही दिलं नाही," तो आधीच म्हणाला.

"तुझं नाव मी कुणाला सांगणार नाहीये. त्याचे हात मेल्यासारखे झालेत. उरलेला कागद दे."

घोंगडीतून त्याने हात बाहेर काढला. तीच पांढरी बोटं. "मी एकच घेतला होता, ताई. कालपासून पाय बधिर आहेत. कुणाला सांगू?"

शिव्या तिच्या जिभेवर आल्या होत्या. त्या तिने गिळल्या. "ऊठ मेल्या," ती म्हणाली. "कागद घे आणि चल माझ्याबरोबर." आणि ज्याचा गळा धरायला आली होती त्यालाच काखेत हात घालून तिने टॅक्सीत बसवलं.

कागदाच्या तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी ताईला व्हरांड्यातल्या बाकावर बसवून समजावलं. वाळवंटात एक निवडुंग उगवतो, तिथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या तो पूजेत खात आलेत. त्यातलं द्रव्य म्हणजे मेस्कलिन. ते शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं, पुढे प्रयोगशाळेत बनवलंही. मग प्रश्न पडला, त्याच्या रेणूत थोडे फेरफार केले तर काय होईल? अशा फेरफारांतून त्याची भावंडं निघत गेली.

"त्यातलंच हे एक, डीओबी. साठच्या दशकात पहिल्यांदा बनवलं," डॉक्टर म्हणाल्या. "एका बदलानं शरीराला ते लवकर मोडता येईना. दुसऱ्या जागी ब्रोमीन बसवला, तर त्याची ताकद इतकी वाढली की मेस्कलिन जिथं चिमूटभर लागतं, तिथं याचा डोळ्याला जेमतेम दिसेल असा कण पुरतो. म्हणून तर ते कागदावर मावतं."

"पण आधी काहीच झालं नव्हतं हो त्याला."

"तीच तर मेख आहे. हे चढायला दोन-दोन, तीन-तीन तास घेतं. माणसाला वाटतं माल खोटा, म्हणून तो आणखी घेतो. याच कुळातल्या दुसऱ्या एका गोळीनं त्या काळी दवाखाने भरले होते, नेमके याच कारणानं. आणि उतरायला दिवस-दीड दिवस. मेंदूत ज्या कुलपांना याची किल्ली लागते, तशीच कुलपं रक्तवाहिन्यांवरही असतात. मात्रा जास्त झाली की त्या आवळतात, आणि सोडतच नाहीत."

ताईला त्यातलं अर्धंच कळलं. रेणू, ब्रोमीन हे शब्द कानांवरून गेले. 'भावंडं' तेवढा अडकला. तिने विचारलं, "बोटं राहतील ना?"

"पाय वाचतील," डॉक्टर म्हणाल्या. ताईला उत्तर मिळालं.

सायकलवाला लवकर सुटला. त्याच्या पायांत मुंग्या तेवढ्या राहिल्या. धाकट्याचे पाय वाचले, डावा हात वाचला. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची टोकं काळी पडली, आणि शेवटी पेरापासून काढावी लागली. मन ताळ्यावर यायलाही वेळ गेला. ट्यूबलाइट लागली की त्याला तिच्याभोवती काहीतरी हलताना दिसे आणि तो खोलीबाहेर जाई.

कामं खोळंबली, तेव्हा मेणात दात बसवायला ताई बसली. तिची पहिली कवळी दाताच्या डॉक्टरांनी उभ्या उभ्या परत पाठवली. म्हणे पेशंट आजोबा ती घातल्या घातल्या चावायला आल्यासारखे दिसतात. धाकटा कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा हसला. मग शेजारी बसून सांगू लागला, "सुळा मागे घे. अजून. अगं, एवढा नाही!" दोघं दिवसभर भांडत. हळूहळू तो डाव्या हाताने मेण कोरायला शिकला. गंमत म्हणून त्याने हिरड्यांच्या गुलाबी प्लास्टिकची दोन टोपणं करून बोटांवर चढवली. दिसायला भयंकर, पण मेण धरायला कामाची.

एकदा काम करता करताच तो म्हणाला, "मला स्वतःपासून एक दिवस सुट्टी हवी होती गं."

"मग मला सांगायचंस."

तो मेण कोरत राहिला. कवळी घासता घासता ताईच्याच लक्षात आलं. त्याने सांगितलं असतं तर ती रात्रभर जागली असती, सकाळी त्याला शंभर प्रश्न विचारले असते, आणि त्याला स्वतःपासून तर होतीच, पण तिच्या काळजीपासूनही सुट्टी हवीशी वाटली असती.

पुढच्या महिन्यात तीच म्हणाली, "दोन दिवस कुठे जाऊन ये. एकटा."

तो डोंगरातल्या एका गावी गेला. पोचल्याचा एक निरोप आला, नंतर काही नाही. ताईने हजारदा फोन हातात घेतला आणि ठेवला. तिकडे थंडी असेल, हातमोजे नेले असतील का, वाटेत कोण भेटेल, काय देईल. दारावरची घंटा वाजली की ती उठे, बसे, पुन्हा उठे. पण फोन तिने केला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला, बूट दारातच काढले, आणि भूक लागलीय म्हणाला. ताईने कुठे गेला होतास, कुणाला भेटलास, काहीच विचारलं नाही. ताट वाढलं, आणि तो पोटभर जेवेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिली.