पुलाआधी पाणी

उकंडराव अधिवेशनासाठी नागपूरला निघाले, त्या सकाळी निम्मं गाव नदीचं कोरडं पात्र ओलांडून त्यांना सडकेपर्यंत पोचवायला आलं. धामणगाव बढ्यापासून जरा आडबाजूला, नदीच्या पल्याड त्यांचं गाव. महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि उकंडरावांची आमदारकीही नवी.

"भाऊ, यंदा पुलाचं पक्कं करूनच या," कोणीतरी म्हणालं. कोकिळाचं नाव कोणी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

कोकिळा त्यांची एकुलती एक लेक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ऐन श्रावणात ती अडली, सुईणीने हात टेकले. गाडी जुंपून तिला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला निघाले, तर नदी दुथडी भरून वाहत होती. दिवसभर गाडी काठावर उभी राहिली. पाणी उतरलं तेव्हा कोकिळाही नव्हती आणि तिचं बाळही नव्हतं. तोवर चारचौघांत तोंड न उघडणारा हा माणूस त्यानंतर गावोगाव फिरून एकच बोलू लागला, या नदीवर पूल पाहिजे. लोकांनी त्याच एका वाक्यावर त्यांना निवडून दिलं.

नागपुरात अधिवेशनाच्या आदल्या दिवशी जिल्ह्यातले आमदार एका खोलीत बसले. वरून निरोप होता की जिल्ह्याची एकच मागणी आधी लावून धरा, बाकीचं मागाहून पाहू. भगवानराव सगळ्यांत जुने. ते म्हणाले, "उकंडराव, तुमचा पूलच पह्यला घेऊ. त्याले कोणी नाही म्हणणार नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. उकंडरावांना फक्त हो म्हणायचं होतं. पण त्यांच्या जिभेवर वरवट बकालचं पाणी आलं.

पंधरवड्यापूर्वी ते भगवानरावांसोबत तिकडे गेले होते. तो खारपाणपट्टा, विहिरींचं पाणी खारट. बौद्ध वस्तीत भिमाबाई नावाच्या बाईने त्यांच्या हातात तांब्या दिला. त्यांनी घोट घेतला, पण तो गिळवेना, आणि तिच्यासमोर थुंकवेना.

"थुंका साहेब, लाजू नोका," भिमाबाई म्हणाली. "आमचे लेकरंबी पह्यले थुंकतेत. मंग सवय होते."

"गोडं पाणी कुठीच नाही?"

"आहे ना. दोन कोसावर येक विहीर आहे. पण तिथं आमाले दोर सोडू देत नाहीत. कोणाले दया आली त घागर भरते, नाही त तशीच परत आणतो."

ते बोलताना तिच्या आवाजात राग नव्हता. उकंडरावांना तेच जास्त लागलं होतं.

"पूल मागाहून घ्या," ते खोलीत म्हणाले. "वरवटकडचं पिण्याचं पाणी पह्यलं घ्या."

भगवानराव त्यांच्याकडे पाहतच राहिले. वरवट तर भगवानरावांच्याच मतदारसंघात होतं, पण हे मागायची त्यांची छाती झाली नव्हती. "गावात काय सांगसान?"

"जे झालं ते सांगीन. आमच्या नदीले चार महिने पूर राह्यते, भगवानराव. ते लोक बाराही महिने खारं पाणी पेऊन राह्यले."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. पहिल्यांदा दिवंगत सदस्यांचा शोकप्रस्ताव झाला. सगळे उभे राहिले. थोड्या वेळाने सगळे बसले, उकंडराव मात्र तसेच उभे. भगवानरावांनी त्यांची बाही ओढली तेव्हा ते भानावर आले.

पाण्याची मागणी त्या अधिवेशनात मांडली गेली, पाहणी करण्याचं आश्वासन मिळालं. पुलाचा विषयच निघाला नाही.

घरी आल्यावर बायकोने, पुष्पाबाईंनी, ताट वाढून विचारलं, "पुलाचं काय झालं?"

उकंडरावांनी काही लपवलं नाही. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "कोकिळा तुमचीच होती ना?" आणि उठून मागच्या अंगणात गेल्या. ताटातलं तसंच राहिलं. पुढे कितीतरी दिवस नवराबायकोत कामापुरतंच बोलणं होतं.

वरवटकडे पाणी आलं, पण फार रखडत, वस्तीवर सगळ्यांत शेवटी. पुढच्या निवडणुकीत उकंडराव पडले. त्यांच्या स्वतःच्या गावानेच त्यांना मतं दिली नाहीत. त्यांना हरवणाऱ्या माणसाने पुढे पूल मंजूर करून आणला आणि गावाने त्याची मिरवणूक काढली.

निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी उकंडरावांच्या ओसरीवर कोणी फिरकलं नाही. संध्याकाळी पुष्पाबाई येऊन त्यांच्याजवळ बसल्या.

"मले ते आजबी पटलं नाही," त्या म्हणाल्या. "कधी पटनारबी नाही. पण तुमी घरी येऊन खोटं नाही बोलले."

लेक गेल्यापासून उकंडराव कोणासमोर रडले नव्हते. त्या संध्याकाळी बायकोसमोर रडले, आणि पुष्पाबाई तिथून उठल्या नाहीत.