तत्रैव यांचे विपुल लेखन

दुष्काळाचं वर्ष होतं. संगमनेरच्या आमच्या कॉलेजातली निम्मी मुलं खडी फोडायला गेलेली, म्हणून रिकाम्या प्राध्यापकांना संशोधनाची हुक्की आली. कॉलेजचं संशोधन-नियतकालिक काढायचं ठरलं. जात्यावरच्या ओव्यांवर आजवर झालेल्या संशोधनाचे तीन आढावे लिहायचं काम आमच्या मराठी विभागाकडे आलं: एक कालक्रमानं, एक विषयवार, एक चिकित्सक. मी तात्पुरत्या जागेवर होते. जूनमध्ये कायम होणार की घरी बसणार, हे विभागप्रमुखांच्या शब्दावर होतं. साहजिकच तिन्ही आढावे माझ्या गळ्यात पडले.

विभागप्रमुख म्हणजे टेरिलिनच्या बुशशर्टात गुंडाळलेलं अज्ञान. वर्गात पुस्तकी बोलत, खोलीत आले की आपल्या काष्टी गावाकडचं.

"बाई, तुमी लई वाचता," ते म्हणायचे. "आढाव्याला पुस्तकं वाचाया लागत न्हाईत. प्रस्तावना बघायची, तळटिपा बघायच्या, झालं."

एवढी सोपी वाट दिसल्यावर विषयवार आढावा त्यांनी स्वतःच लिहायला घेतला. कालक्रमाचा म्हणजे निव्वळ कारकुनी, तो मी पटकन उरकला. चिकित्सक आढाव्यासाठी मात्र नगर-पुण्याची ग्रंथालयं पालथी घातली. कोणी दुसऱ्याचं संकलन न सांगता उचललं, कोणी जात्याजवळ न फिरकताच सिद्धान्त ठोकला, ते पुराव्यानिशी मांडलं. त्या लेखाचा मला आजही अभिमान आहे.

प्रेसमधून प्रुफं आली. विभागप्रमुखांच्या लेखात छापलं होतं: 'या क्षेत्रात तत्रैव यांनी विपुल लेखन केले आहे. पानोपानी त्यांचा आधार घेतला जातो, यावरून त्यांचा अधिकार ध्यानात यावा.'

तळटिपेत तेच पुस्तक लगेच पुन्हा आलं की 'तत्रैव' लिहितात, म्हणजे 'तिथेच'. एम.ए.ला शिकवणाऱ्या या गृहस्थांनी त्यातून एक विद्वान उभा केला होता. मी आधी पोटभर हसून घेतलं. मग त्यांच्या खोलीत जाऊन, दार लोटून, हळू आवाजात सांगितलं. त्यांचे कान लाल झाले.

"छापायचे खिळे जुळवून झाल्यात," ते म्हणाले. "प्रेसवाला आता पान मोडायचा न्हाई. बघतो मी."

अंक आला तेव्हा पान खरंच मोडलं नव्हतं. फक्त दोन लेखांवरची नावं बदलली होती. तत्रैव माझ्या नावावर, चिकित्सक आढावा त्यांच्या. एवढी अक्कल त्यांना असेल असं मला वाटलं नव्हतं. मी तडक प्राचार्यांकडे गेले. "अंक कॉलेजचा आहे, बाई. नाव कुणाचं का असेना," असं म्हणून त्यांनी चहा मागवला. एकासाठीच.

जूनमध्ये मुलाखतीला पुण्याहून तज्ज्ञ आले. त्यांनी अंक उघडला आणि विचारलं, "हे तत्रैव कुठले?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं विभागप्रमुख.

"तो लेख माझा नाही," मी म्हणाले. "चिकित्सक आढावा माझा आहे."

"बाई घाबरल्यात जरा," विभागप्रमुख मायेनं म्हणाले. ती माया मला त्या नामबदलापेक्षा जास्त झोंबली.

तज्ज्ञ भला माणूस होता. त्यांनी पानं उलटली, चिकित्सक आढावा काढला आणि अंक माझ्यापुढे सरकवला.

"ही जागा तुम्हांला देता येणार नाही. पण निराश होऊ नका," ते म्हणाले. "हा लेख घरी नेऊन नीट वाचा. असं लिहायला जमलं, की पुन्हा अर्ज करा."