पिवळ्या साडीतली सवारी

तापीकाठच्या आमच्या लालबागेत मध्यंतरी एक बातमी कानोकानी फिरत होती. सखाराम महाजनांनी एकसष्टाव्या वर्षी नवी गाडी घेतली आणि गाडीपाठोपाठ नवी बाईही केली! दर गुरुवारी दुपारी ती पांढरी गाडी चांदनी गावाच्या रस्त्याला लागते आणि मागच्या सीटवर पिवळ्या साडीत डोक्यापासून गुंडाळलेली कोणीतरी बसलेली असते. वर सीटचा पट्टासुद्धा लावलेला. समोरच्या वैजयंतीबाईंनी स्वतः पाहिलं होतं, आणि वैजयंतीबाईंनी पाहिलं म्हणजे गल्लीच्या लेखी पंचनामा झाला.

सखाराम केळीवाला माणूस. चाळीस वर्षं तापीकाठी केळी लावली, कापली, ट्रकांत भरून दिल्लीकडे धाडली. त्यांच्या लेखी जगात दोनच जाती, डागी आणि बिनडागी. रुख्मिणीबाईंना पाहायला गेले तेव्हाही ओसरीवर टांगलेला घड आधी अंगठ्याने दाबून पाहिला. "मले मंग पाहिलं," असं रुख्मिणीबाई अजून चारचौघांत सांगतात, आणि सखाराम अजून टोपी नीट करतात.

गाडी घ्यायचं कारण रुख्मिणीबाईंची आई. मालूबाई चांदनीला राहते, चौऱ्यांशी वर्षांची, कान गेले पण जीभ शाबूत. रुख्मिणीबाईंना मात्र बस लागते, रिक्षा लागते, जीप तर दुरून पाहिली तरी लागते. रेल्वेनं जावं तर पॅसेंजरच्या वेळा सांभाळण्यातच दिवस सरतो. त्यामुळे लेकीची न् आईची गाठ वर्षातून दोनदा, ती पण घाईघाईची.

शोरूममधला विपुल हुशार. गिऱ्हाइकाच्या चपलेवरची माती पाहून बोलणारा. म्हणाला, "काका, मागच्या सीटवर पिकलेली केळी ठेवा अन् कोणत्याही रस्त्यानं न्या. एक दाग नाही पडणार. गॅरंटी से बोल रहा हूँ!"

दुसऱ्या कोणी हे ऐकून हसून सोडून दिलं असतं. सखारामांनी मनात लिहून ठेवलं.

पहिल्या दिवशी दोघं चांदनीला गेली. रुख्मिणीबाई तयारीनिशी बसल्या होत्या. दोन लिंबं, ओव्याची पुडी, तीन प्लास्टिकच्या पिशव्या आणि मनात देवाचं नाव. परत आल्या तेव्हा पिशव्या कोऱ्या करकरीत. त्यांनी त्या घडी करून कपाटात ठेवल्या, लग्नातला शालू ठेवावा तशा. "विमान हाय हो हे, विमान!"

सखारामांचं तोंड मात्र कडू. "विमान कायचं? तीन ठिकानी कंबर उचलली गेली माझी. पोरगा फसवून गेला."

गाडी तीच, रस्ता तोच, खड्डेही तेच. एकीनं उलटी गृहीत धरली होती, ती झाली नाही. एकानं लोण्यासारखी चाल गृहीत धरली होती, ती मिळाली नाही.

मग सखारामांनी परीक्षा मांडली. गुरुवारी शेतात मजूर नसतात, तो दिवस ठरवला. पिकलेल्या बिनडागी केळ्यांचा अर्धा घड बायकोच्या जुन्या पिवळ्या साडीत गुंडाळायचा, मागच्या सीटवर बसवायचा, पट्टा लावायचा, चांदनीच्या रेल्वे फाटकापर्यंत नेऊन आणायचा आणि शुक्रवारी सकाळी सोडून पाहायचा.

"मले न्या ना सोबत," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"तू कायले? तुझ्या वजनानं गाडी दबते, धक्का कमी बसतो. अन् तू गाडीची फितूर हायेस."

पहिल्या शुक्रवारी केळ्यांवर डाग. दुसऱ्या शुक्रवारी डाग. सखारामांनी इतवारा बाजारातल्या कडूला निरोप धाडला. कडू जुन्या गाड्यांचा दलाल, नव्या गाडीचा वास आला की लगेच दारात येणारा. ठरलं, तिसऱ्या शुक्रवारीही केळी डागी निघाली तर गाडी कडूची.

रुख्मिणीबाईंनी आठवडाभर कपाटातल्या पिशव्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यातच वैजयंतीबाई दुःखी चेहरा करून सांत्वनाला आल्या.

"ताई, तुमाले ठाऊक तरी हाय का, भाऊ कोणाले घेऊन जातात ते?"

"हाय की. साडी माझीच नेसवतात तिले."

"अन् तुम्ही चालू देता?"

"काय करू? रंगानं पिवळी, अंगानं नाजूक. पण टिकायची नाही. जरा धक्का लागला की काळी पडते." वैजयंतीबाई चहा अर्धा टाकून गेल्या. एवढी बातमी पोटात ठेवून चहा जातो कुठे?

हसून झाल्यावर रुख्मिणीबाई विचारात पडल्या. तिसऱ्या गुरुवारी नवऱ्यानं अर्धा घड साडीत बांधला, तेव्हा उरलेला अर्धा त्यांनी उचलला आणि स्वयंपाकघरात खुंटीला टांगला.

शुक्रवारी सकाळी कडू हजर. सखारामांनी ओट्यावर साडी सोडली. केळ्यांवर काळे डाग. "पाहा! झालं ना सिद्ध?"

"हाओ भाऊ, गाडीत दम नाही," कडू म्हणाला. त्याचा हात किल्लीकडे निघालासुद्धा.

रुख्मिणीबाईंनी आतून दुसरा अर्धा आणून शेजारी ठेवला. त्याच्यावरही तसेच काळे डाग.

"हे कुठलं?" सखाराम.

"त्याच घडाचं. कालपासून खुंटीले टांगलं व्हतं. चूल अन् मोरी यांच्यामधी कोनता खड्डा लागला याले, सांगा. आता घर पण कडूभाऊले देता का?"

कडू हसला, पण सखाराम हसले नाहीत. त्यांनी दोन्हीकडची केळी एकेक करून अंगठ्याने दाबली, वास घेतला, सोलून पाहिली. चाळीस वर्षं त्यांनी हिरवा माल कापला, हिरवाच ट्रकात भरला. पिकल्यावर त्याचं काय होतं ते दिल्लीवाल्यांनी पाहिलं. पण मालाच्या बाबतीत हा माणूस बायकोशीही खोटं बोलत नाही.

"फरक नाही," ते म्हणाले. "दोन्हीचा माल सारखा."

"मंग गाडी?" कडूनं विचारलं.

"केळी घेऊन जा," सखाराम म्हणाले. "चांगली गोड हायेत."

पुढच्या गुरुवारी रुख्मिणीबाई तीच पिवळी साडी नेसून तयार झाल्या. सखारामांनी पुढे बस म्हटलं तर म्हणाल्या, "ड्रायवरशेजारी कायले? मालकीन मागे बसते." वारा लागू नये म्हणून पदर कपाळापर्यंत ओढला, पट्टा लावून घेतला. मोठ्या खड्ड्यापाशी गाडी उडाली तेव्हा सखारामांनी आरशात पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, कापसाची शेतं मोजत. चांदनीला मालूबाईंनी विचारलं, "इतक्यात परत कशी आलीस? भांडलीस का जावयाशी?"

आता सखारामांना खड्डे लागतात, पण गाडीला शिव्या देत नाहीत, रस्त्याला देतात. विपुल बाजारात भेटला तर त्याला केळं देतात आणि तो खाईपर्यंत त्याच्याकडे टक लावून पाहतात.

वैजयंतीबाईंची बातमी अजून चालू आहे. खरं इतकंच की पहिले तीन गुरुवार त्या पिवळ्या साडीत केळी होती, आणि चौथ्या गुरुवारपासून रुख्मिणीबाई आहेत.