मागे थांबायचं काम

"तुमचं काम काय?" असं गार्डसाहेब विचारायचे आणि आपण सांगून संपवायच्या आत उजवा हात आडवा करून म्हणायचे, "तेवढंच."

सगळी नोकरी रेल्वेत गार्ड म्हणून झालेली, त्यामुळे काशीतल्या आमच्या दूधविनायक मोहल्ल्यात त्यांना सगळे गार्डसाहेबच म्हणत. बायको गेलेली, मूलबाळ नाही. आमच्या घरापासून चौथ्या दारात एकटे राहायचे. सकाळी पंचगंगा घाटावर गंगेत अंघोळ आणि संध्याकाळी गल्लीतला कॅरम क्लब, हा त्यांचा नेम. कॅरम अतिशय वाईट खेळायचे, पण दुसऱ्याचं कोपर रेषेच्या आत आलं की पहिल्यांदा त्यांनाच दिसायचं.

आमच्या गल्ल्या तुम्ही पाहिल्या असतील. एक सांड आडवा उभा राहिला की रस्ता संपला. अँब्युलन्स मोठ्या रस्त्यावर थांबते आणि तिथपर्यंत आजारी माणसाला उचलूनच न्यावं लागतं. एकदा समोरच्या काकू जिन्यावरून पडल्या, तेव्हा वीसेक जण धावले. सगळे "पाँव पकड़ो, पाँव पकड़ो" ओरडत होते आणि काकूंचे पाय कोणीच धरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गार्डसाहेबांनी क्लबातला तडा गेलेला कॅरम बोर्ड उलटा करून भिंतीला टेकवला आणि त्याच्या पाठीवर खडूने कामं लिहिली. स्ट्रेचरची दांडी धरणारे चौघे. पुढे धावून मोटारसायकली हटवणारा एक. औषधं आणि कागद सांभाळणारा एक. प्रत्येकाच्या नावाखाली त्याने काय करायचं नाही, तेही होतं. दांडी धरणाऱ्याने फोन घ्यायचा नाही. कागदवाल्याने डॉक्टरांना सल्ला द्यायचा नाही.

माझ्या नावापुढे होतं, मागे थांबणे. म्हणजे घरातला गॅस बंद करायचा, मागे राहिलेल्या माणसापाशी बसायचं, घर रिकामं राहत असेल तर कुलूप लावायचं आणि किल्ली परत घरच्याच माणसाच्या हातात द्यायची. माझा तिळपापड झाला. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई मी, आणि काम काय, तर कुलूप!

"मी डॉक्टरांशी नीट बोलू शकते," मी म्हटलं.

"बोलणारे पुष्कळ आहेत, बाई. थांबणारं कोणी नाही," ते म्हणाले. "शेवटचा डबा दिसला की मगच स्टेशनमास्तर म्हणतो, गाडी पूर्ण गेली. मी आयुष्यभर त्याच डब्यात होतो. तिथे काही कमी काम नसतं."

पहिली तालीम गव्हाचं पोतं स्ट्रेचरवर चादरीखाली ठेवून झाली. आता काशीच्या गल्लीत चौघांच्या खांद्यावर काही निघालं की लोक काय समजणार? पानवाल्याने हातातलं पान खाली ठेवून पोत्याला नमस्कार केला. मागून कोणीतरी "राम नाम सत्य है" सुरू केलं. आम्ही हसून बेजार झालो, पण गार्डसाहेब हसले नाहीत. खऱ्या आजारी माणसाच्या कानावर हे पडलं तर, म्हणाले. त्याच संध्याकाळी बोर्डावर आणखी एक काम चढलं. दिनकर साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं बोलावतो, त्याचा आवाज घाटापर्यंत जातो. त्याने सगळ्यांच्या पुढे चालत ओरडायचं, "ज़िंदा हैं भइया, ज़िंदा हैं, रास्ता दीजिए!"

त्यानंतर कितीतरी जणांना क्लबाने उचलून नेलं. मी मागे बसले. आधी तणतणत, मग मुकाट्याने. बायकोला नेलं की म्हातारा नवरा भिंतीकडे बघत बसतो, त्याला पाणी विचारायचं, तेही पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, हे मला तिथे कळलं. मग हॉस्पिटलातून गार्डसाहेबांचा फोन यायचा. "पोचलो. आता उठा." तो फोन आल्याशिवाय मी जागा सोडायची नाही, असं ठरलेलं होतं.

मागच्या जेठ महिन्यातली भर दुपार. गार्डसाहेबांच्या छातीत कळ आली आणि त्यांनी स्वतःच क्लबात फोन केला. पाच मिनिटांत सगळे आपापल्या जागी. कोणी कोणावर ओरडलं नाही, पाय ज्याने धरायचे त्यानेच धरले. इतकं चोख काम आम्ही कधी केलं नव्हतं.

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी स्ट्रेचरबरोबर चार पावलं गेले. त्यांनी मान वळवली.

"तुमचं काम काय?"

"गार्डसाहेब, आज मला येऊ द्या. मागे कोणी नाहीच आहे."

हात उचलत नव्हता, तरी त्यांनी तो थोडासा आडवा केला. मी थांबले. त्या माणसाचा मला अजून राग येतो, आणि माझा त्याहून जास्त.

शेगडीवर खिचडी अर्धी शिजली होती. गॅस बंद केला, कुलूप लावलं आणि पायरीवर बसले. "ज़िंदा हैं भइया, ज़िंदा हैं" गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं. मग वळणापलीकडून, मग अगदी बारीक. मग नळाच्या पाण्याचाच आवाज राहिला.

फोन आला नाही. मी चौघांना लावून पाहिला. वाजत राहिला. दांडी धरणाऱ्याने फोन घ्यायचा नव्हता. ऊन पायरीवरून समोरच्या भिंतीवर गेलं, भिंतीवरून वर चढलं. शेजारणीने चहा आणला, तो तसाच राहिला. मागे थांबलेल्याला फोन करणं हे बोर्डावर कोणाच्याही नावापुढे नव्हतं. ते गार्डसाहेब स्वतःच करायचे, म्हणून कधी लिहायची वेळच आली नव्हती.

दिवेलागणीला सगळे परत आले. स्ट्रेचर गुंडाळलेलं होतं.

"मला कोणी फोन का नाही केला?" मी विचारलं. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्याने केला असेल. निदान तसं ते म्हणाले.

पुढची दांडी धरणारा खाली बघत बोलला. "चाची, वळणावरच त्यांचा हात लटकला. हम लोग समझ गये थे. पण दिनकरला कोण सांगणार?"

कोणीच सांगितलं नाही. दिनकर थेट मोठ्या रस्त्यापर्यंत ओरडत गेला होता, ज़िंदा हैं, ज़िंदा हैं. लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. आता त्याच्या घशातून आवाज फुटत नव्हता. तो माझ्याजवळ पायरीवर बसला.

"मावशी, पोचलो," तो कसाबसा म्हणाला. "आता उठा."

मी उठले. किल्ली पुढे केली. ती घरच्याच माणसाच्या हातात द्यायची असते, म्हणून कोणी घेईना.